बाबागाडीची वाट

दापोडीत हॅरिस पुलाच्या बाजूला पहाटे एखादी आई बाबागाडी ढकलत धावताना दिसली, तर क्षणभर बघत राहा. एक हात दांडीवर, मनगटाला पट्टा, आत दुलईत बाळ, पायातला एक मोजा निसटलेला. घरी सांभाळायला कोणी नसलं की मॅरेथॉनचा सराव असाच होतो, बाळाला सोबत घेऊन. मला या जिद्दीचं फार अप्रूप वाटतं.

अमेरिकेतले डिक हॉइट असेच धावले. मुलगा रिक जन्मापासून चालू शकत नव्हता. १९७७ साली त्याच्याच इच्छेखातर वडिलांनी त्याची चाकांची खुर्ची ढकलत पाच मैलांची शर्यत पूर्ण केली. पुढे बॉस्टन मॅरेथॉन, तब्बल ४२.१९५ किलोमीटर, बापलेकांनी ३२ वेळा पार केली. शेवटची २०१४ साली, तेव्हा डिक सत्तरी ओलांडून गेले होते!

आईबाबांनो, बाळाने मान नीट धरल्याशिवाय मात्र धावायची घाई नको. आधी डॉक्टरांना विचारा. आणि बाकीच्यांना एक कळकळीची विनंती: आज फुटपाथवर दुचाकी लावू नका. बाबागाडीला तेवढीच वाट असते.