चिखलाचा काळ आणि चालणाऱ्याचा धर्म

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मॅसॅच्युसेट्सच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत ‘लाँग ट्रेल’ ही सुमारे ४४० किलोमीटरची डोंगरवाट जाते. १९१० मध्ये स्थापन झालेल्या ग्रीन माउंटन क्लबने ती १९३० पर्यंत पुरी केली. तिचा दक्षिणेकडचा सुमारे १६० किलोमीटरचा भाग आणि जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची ‘ॲपलाचियन ट्रेल’ यांचा मार्ग एकच आहे. मार्चअखेरीपासून मेअखेरीपर्यंतच्या दिवसांना तिथले लोक ‘चिखलाचा मोसम’ म्हणतात. या काळात उंचावरच्या वाटांवर जाऊ नये, अशी विनंती क्लब दरवर्षी करतो. ही विनंती दिसायला व्यवहाराची असली, तरी तिच्या मुळाशी एक जुना धर्मप्रश्न आहे: चालणे हेच ज्याचे व्रत आहे, त्याने जमिनीसाठी थांबावे काय?

वसंताच्या सुरुवातीला इथली माती वरून वितळते, पण खालचा थर गोठलेलाच राहतो. त्यामुळे पाण्याचा निचरा होत नाही आणि वरची माती लगद्यासारखी मऊ होते. उंचावर हिवाळाभर पावलांनी दाबलेल्या बर्फाची कठीण, निसरडी पट्टी वाटेच्या मधोमध उरते. तिच्या बाजूला पाय पडला तर तो मांडीपर्यंत रुततो. चिखल टाळण्यासाठी माणूस वाटेच्या कडेने चालतो, तेव्हा कडेची कोवळी रोपे तुडवली जातात आणि वाट रुंदावत जाते. पावलांच्या खड्ड्यांत पाणी साचते, पुढे ते माती घेऊन उताराला लागते. १,३३९ मीटर उंचीच्या माउंट मॅन्सफिल्डच्या माथ्यावर आर्क्टिक प्रदेशातल्या वनस्पती अगदी पातळ मातीत तग धरून आहेत. एकदा तुडवल्या गेल्या की त्यांना सावरायला फार वर्षे लागतात.

भारतीय श्रमण परंपरांनी हाच प्रश्न पावसाळ्याच्या संदर्भात सोडवला. बौद्ध विनयपिटकातील महावग्गात त्याची हकिकत येते. भिक्षू पावसाळ्यातही फिरतात, हिरवे गवत आणि बारीक जीव चिरडतात, अशी तक्रार लोकांनी केली. त्यावर बुद्धांनी तीन महिन्यांच्या वर्षावासाचा, म्हणजे एका जागी राहण्याचा, नियम घातला. जैन साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, आणि एरवीही ईर्यासमितीनुसार पुढची जमीन न्याहाळत चालतात. पंढरीची वारीसुद्धा आषाढी एकादशीला पोचते, आणि त्याच दिवशी चातुर्मास सुरू होतो. या सर्व परंपरांत चालणे पवित्र आहे, आणि त्याला काळाची मर्यादाही आहे.

या मर्यादेवर पहिला आक्षेप असा की, एका माणसाच्या पावलांनी डोंगराचे काय बिघडणार? तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी ‘रीझन्स अँड पर्सन्स’ (१९८४) या ग्रंथात अशा युक्तिवादातली चूक दाखवली. एखाद्या कृतीने होणारे नुकसान एकटे पाहता जाणवतही नसेल. पण अनेकांच्या तशाच कृती मिळून मोठे नुकसान करत असतील, तर त्या समूहाचा भाग म्हणून ती कृती चुकीची ठरू शकते. वाट एका माणसाने रुंद होत नाही, पण ती रुंद करणाऱ्यांतला प्रत्येक जण एकटाच असतो.

दुसरा प्रश्न खोल आहे: हे कर्तव्य नेमके कोणाविषयीचे? तत्त्वज्ञ कांटच्या मते निसर्गातले सौंदर्य निष्कारण नष्ट न करणे हे मुळात माणसाचे स्वतःविषयीचे कर्तव्य आहे, कारण अशा नाशाने त्याची नैतिक वृत्तीच बोथट होते. अमेरिकन वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांना नैतिक समुदायाचे घटक मानले. जैन दर्शन याहून पुढे जाते. त्यात मातीतच पृथ्वीकाय जीव मानले आहेत, म्हणून तिथे कर्तव्य थेट मातीविषयीचे ठरते. या तिन्ही भूमिकांचा पाया वेगळा आहे. तरी भिजल्या वाटेपाशी तिन्हींचा निर्णय एकच येतो.

थांबणे म्हणजे संकल्प सोडणे नव्हे. वर्षावासातही आवश्यक कामासाठी भिक्षूला सात दिवसांपर्यंत बाहेर राहण्याची मुभा होती. डोंगरवाटेवरही पर्याय आहेत: या दिवसांत सखल, कोरड्या वाटांनी चालता येते, किंवा ॲपलाचियन ट्रेलचा प्रवास मधूनच सुरू करून उत्तरेचा भाग उन्हाळ्यात गाठता येतो. चिखलात सापडलेल्याने कडेला न वळता वाटेच्या मधूनच चालावे, मग बूट भरले तरी चालतील. दीर्घ पदयात्रेचे मोल किती अंतर तोडले यावरच ठरत नाही. यात्रिकाने आपल्या इच्छेवर जमिनीसाठी किती संयम ठेवला, हेही त्यात मोजावे लागते. म्हणून चिखलाच्या मोसमातले थांबणे हाही त्या यात्रेचाच भाग मानला पाहिजे.