हे कोणाविषयी लिहिलंय?

आमच्या चर्चमध्ये दर डिसेंबरला संडे स्कूलची मुलं एक तक्ता करायची. वर मोठ्या अक्षरात 'पुरावा'. डावीकडे भाकीत, उजवीकडे पूर्तता. मीखा म्हणाला बेथलेहेम, मत्तयाने लिहिलं बेथलेहेम. जखऱ्याने गाढवावरून येणारा राजा सांगितला, येशू यरुशलेमात गाढवावरून आला. मधले बाण लाल स्केचपेनने मी काढायचो. विश्वास म्हणजे जोड्या जुळवा, असं तेव्हा वाटायचं.

कॉलेजात पहिला बाण हलला. यशयाच्या सातव्या अध्यायातला मूळ हिब्रू शब्द 'अल्मा', म्हणजे तरुण मुलगी. येशूच्या आधी झालेल्या ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस', कुमारी, असा शब्द आला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तोच आहे. शिवाय तिथे यशया आहाज राजाशी बोलतोय, दारात आलेल्या युद्धाबद्दल. सातशे वर्षांनी जन्मणाऱ्या बाळाच्या बातमीने त्या घाबरलेल्या राजाला काय धीर येणार?

भाकितं मागाहून घुसडली, असं मात्र म्हणता येत नाही. 1947 च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत यशयाची सव्वासात मीटरहून लांब गुंडाळी सापडली. ती येशूच्या जन्माच्या शंभरएक वर्षं आधीची आहे. त्रेपन्नाव्या अध्यायातला, इतरांसाठी मुकाट्याने दुःख सोसणारा सेवक तिच्यातही आहे. पण मजकूर जुना आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. तो कोणाविषयी आहे, हे गुंडाळी सांगत नाही.

अकराव्या शतकातल्या रब्बी राशींना त्या सेवकात इस्राएल राष्ट्र दिसलं. 1263 साली बार्सिलोनात राजासमोर ज्यू विद्वान नाखमानिदीस यांना मशीहाविषयी जाहीर वाद घालावा लागला. तिथेही हा अध्याय निघाला. पुढे त्यांना देश सोडावा लागला. हे वाचलं आणि माझे लाल बाण मला टोचायला लागले. 'इतकं स्पष्ट लिहिलेलं तुम्हाला दिसत कसं नाही?' हा प्रश्न सत्तेच्या तोंडी आला, की पुराव्याचा आरोप होतो.

मग भाकितांचं काय करायचं?

शिष्यांकडे पाहू. शास्त्रवचनं त्यांनी लहानपणापासून ऐकली होती. तरीही वधस्तंभावर मरणारा मशीहा त्यांना अपेक्षित नव्हता. मशीहा म्हणजे अभिषिक्त, दावीदाच्या वंशातला विजयी राजा. रोमन सत्तेने मारलेला माणूस मशीहा कसा? लूक सांगतो, अम्माऊसच्या वाटेवर निराश होऊन चाललेल्या दोघांना शास्त्राचा अर्थ नव्याने उलगडला. म्हणजे आधी येशू, मग उलट वाचन. यशयाचा सेवक नसता, तर वधस्तंभ त्यांना निव्वळ पराभव वाटला असता. त्या जुन्या शब्दांनी 'मशीहा' या शब्दाचाच अर्थ बदलला: जिंकणारा नव्हे, सोसणारा.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून हाच अध्याय वाचतोय. तो फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे स्वतःबद्दल बोलतोय की दुसऱ्या कोणाबद्दल? फिलिप्प त्याच्या शेजारी बसतो आणि तिथूनच येशूची गोष्ट सुरू करतो.

यंदा तक्ता भाचीने केला. यशयाच्या सेवकापुढे तिने येशूचं नाव लिहिलं. मीही तेच लिहिलं असतं, कारण मलाही तिथे तोच दिसतो. वरचं 'पुरावा' मात्र आम्ही दोघांनी मिळून खोडलं. तिथे लिहिलं, 'आम्ही असं वाचतो'.