झाडाचा दोष की वेलीचा भार?

उपवासकाळातील तिसरा रविवार
शुभवर्तमान : लूक १३:१-९



आजच्या शुभवर्तमानातील अंजिराचे झाड तीन वर्षे फळाविना उभे आहे. मालक दरवर्षी येतो, पानांमध्ये शोधतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. शेवटी त्याचा धीर सुटतो आणि तो माळ्याला झाड तोडून टाकायला सांगतो. उगाच जागा का अडवायची, हा त्याचा प्रश्न आहे. आपण वाडीवाले लोक. मालकाचा हिशेब आपल्याला चटकन कळतो. फळ न देणारे झाडही विहिरीचे पाणी पितेच.

माळी मात्र मालकाशी वाद घालत नाही. झाड चांगले आहे असेही तो म्हणत नाही. तो फक्त एक वर्ष मागतो. मुळाभोवती खणीन, खत घालीन, मग पाहू, एवढेच त्याचे म्हणणे. मालकाची नजर फांद्यांवर आहे, माळ्याची नजर बुंध्याकडे आहे. या दोन नजरांमधला फरक आज आपण जरा जवळून पाहू या.

घरांना आशीर्वाद देण्यासाठी तुमच्याकडे येतो तेव्हा बऱ्याच परसांत एक गोष्ट दिसते. आंब्याच्या किंवा नारळाच्या खोडावर सुपाएवढ्या पानांची पिवळट हिरवी वेल शेंड्यापर्यंत चढलेली असते. ही कोणती वेल, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. रानातून आली असेल, पाखरांनी बी टाकले असेल, अशी उत्तरे मिळतात. बंधुभगिनींनो, ती रानातून आलेली नाही. आपल्या खिडकीत बाटलीतल्या पाण्यात ठेवलेला मनी प्लांट तो हाच. बाटलीत त्याचे पान तळहाताएवढे राहते. जमिनीत लावला आणि चढायला झाड मिळाले की तेच पान हातभर होते आणि कडेने फाटते. मग घरची माणसेही त्याला ओळखत नाहीत.

ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातील मोओरेआ नावाच्या लहानशा बेटावरची. आज ती साऱ्या उष्ण प्रदेशांत पसरली आहे. श्रीलंकेत, हवाईत आणि फ्लोरिडात ती जंगलातल्या झाडांवर चढून उपद्रव करते. नवल असे की तिला जवळजवळ कधीच फुले येत नाहीत. फुले येण्यासाठी जे संप्रेरक लागते ते या वेलीत तयार होत नाही, असे शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले. फूल नाही म्हणजे बी नाही. बी नाही म्हणजे पाखरू किंवा वारा तिला नेऊ शकत नाही. एवढी दूर ती पसरली ती माणसाच्या हाताने. कोणीतरी फांदी तोडली, कोणाला तरी दिली, कोणीतरी लावली. चोरून आणलेला मनी प्लांट घरात पैसा आणतो, असेही आपल्यात म्हणतात. सातव्या आज्ञेचा भंग करून मिळवलेल्या वेलीने घरात बरकत येईल असे मानणारे आपण देवळात मात्र पहिल्या बाकावर बसतो! असो.

आपल्याच भागातील एका घरची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कोणी शोधूही नये. दोन भावांच्या घरांमध्ये वडिलांनी लावलेला एक आंबा आहे. वाटणी झाली, कुंपण आले. आंबा थोरल्याच्या बाजूला आणि फांद्या धाकट्याच्या बाजूला, अशी स्थिती झाली. आंबे कोणाचे यावरून बोलणे वाढले आणि मग बोलणेच थांबले. त्या वर्षांत कधीतरी थोरल्याच्या घरातील बाटलीतला मनी प्लांट मोठा झाला म्हणून कोणीतरी तो आंब्याच्या बुंध्याशी नेऊन लावला. कोणी लावला ते आता कोणालाच आठवत नाही. बारा-पंधरा पावसाळ्यांत वेल शेंड्याला पोहोचली. आंबा मोहरेनासा झाला आणि एक मोठी फांदी वाळली. थोरल्याने झाड पाडायचे ठरवले. झाडच गेले तर भांडणही जाईल, असा त्याचा विचार होता.

झाडावर चढणारे एक म्हातारे गृहस्थ त्याने बोलावले.

"बाबा, हा आंबा पाडायचा आहे. काही देत नाही आता."

"पाडू की. पण आधी मला खोड दाखवा."

"खोड हे काय समोर आहे."

"मला तर नुसती पाने दिसतात. खोड कुठे आहे?"

खरोखरच खोड दिसत नव्हते. बाबांनी कमरेच्या उंचीला वेल बाजूला सारली तेव्हा मागे ओलसर काळी साल होती आणि सालीतून लाकडाचा भुसा बाहेर पडलेला होता. भिरूड लागली होती. उघड्या खोडावर असा भुसा दिसला असता तर पहिल्याच महिन्यात लक्षात आले असते. वेलीच्या आड अळी निवांत लाकूड पोखरत राहिली. वेलीने झाडाचा रस प्यायला नव्हता. ती बांडगुळासारखी किंवा अमरवेलीसारखी परजीवी नाही. तिने झाडाला झाकले, ओल धरून ठेवली, फांद्यांवर भार टाकला आणि किडीला आडोसा दिला.

एखादा मुलगा बिघडला, एखादी सून माहेरी जाऊन बसली, एखादा शेजारी देवळात येईनासा झाला की आपण काय म्हणतो? "तो तसलाच." आजच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला लोक येशूकडे अशीच बातमी घेऊन आले होते. पिलाताने मारलेले गालीली लोक. सिलोआमचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांची आठवण येशूनेच काढली. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते काय? येशूने साफ नाही म्हटले आणि विचारणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितले. दुसऱ्याच्या फांद्या मोजायला आलेल्यांना त्याने स्वतःच्या बुंध्याकडे वळवले. दारू पिणारा माणूस आपल्याला दिसतो. त्याच्याभोवती काय गुंडाळले आहे ते दिसत नाही. व्याजाने घेतलेले पैसे असतील, वडिलांच्या मरणानंतर कोणाशीच न बोललेले दुःख असेल, नोकरी गेल्याची लाज असेल. त्यामुळे दारू पिणे योग्य ठरत नाही, हेही मी स्पष्ट सांगतो. पण माळ्याने खणून पाहिल्याशिवाय मालकाने कुऱ्हाड मागू नये. शहरी भागात झाड तोडायचे तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. माणूस तोडायला आपण कोणालाच विचारत नाही.

आता त्या बाबांनी काय केले ते ऐका, कारण पुष्कळांचे इथेच चुकते. थोरल्याचा तरुण मुलगा उत्साहाने वेल ओढायला धावला. बाबांनी त्याचा हात धरला. या वेलीची मुळे सालीला चिकटलेली असतात. जिवंत वेल जोराने ओढली तर झाडाची सालही सोलून येते आणि वाळलेली फांदी असेल तर तीही डोक्यात पडते. बाबांनी खोडाभोवती कमरेच्या उंचीवर प्रत्येक वेल कापली. मग खाली हातभर अंतरावर दुसरा काप घेऊन मधला तुकडा काढून टाकला. खोडाला कोयता लागू नये म्हणून हात हलका ठेवला. खालची मुळे खणून काढली, पण आंब्याच्या मुळांना धक्का लावला नाही. वरची वेल तशीच ठेवली. "तिला आपोआप वाळू दे," म्हणाले. हे काम त्यांनी याच दिवसांत, फाल्गुनात केले. पावसाळ्यात वर राहिलेली वेल हवेतल्या ओलीवर महिनोन्महिने जगते आणि नवी मुळे खाली सोडते. कोरड्या दिवसांत ती लवकर सुकते. वाळलेली वेल हळूच काढली तर सालीला फारशी इजा होत नाही.

आपल्या घरांत हे उलट चालते. एखाद्याचे व्यसन सुटावे म्हणून आपण सगळ्या नातेवाइकांसमोर, लग्नाच्या मांडवात, त्याला ओढून सोलून काढतो. वेल निघत नाही, साल मात्र निघते. आईने रागाने ओढले, बायकोने ओढले, भावाने ओढले आणि तो माणूस रक्तबंबाळ होऊन पुन्हा त्याच गुत्त्यावर जाऊन बसला, हे मी कितीतरी घरांत पाहिले आहे. खाली कापायचे असते. पैसे कुठून येतात, सोबत कोणाची आहे, संध्याकाळी सहा वाजता तो कुठे असतो, हे बुंध्याशी आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या चळवळीतील माणसे एका दिवसापुरतीच दारू नाकारतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतात. वरची वेल वाळायला वेळ लागतो हे त्यांना ठाऊक आहे.

काही जण बुंध्याशी पालापाचोळा जमवून वेल जाळतात. कृपा करून असे करू नका. त्या आगीत झाडाची साल भाजते. आजच्या पहिल्या वाचनात मोशेने पाहिलेले झुडूप पेटलेले आहे, तरी भस्म होत नाही. तशी आग फक्त देवाजवळ आहे. आपल्या आगीने झुडूपही जळते आणि शेजाऱ्याचा मांडवही.

कापलेल्या वेलीचे काय करायचे हाही प्रश्न असतो. तिच्या प्रत्येक पेरातून मूळ फुटते. थोरल्याच्या मुलाने पहिली पाटी उचलली आणि सवयीप्रमाणे काकाच्या कुंपणापलीकडे टाकायला निघाला. बाबा पुन्हा ओरडले. सगळे तुकडे सिमेंटच्या ओट्यावर पसरून कडक वाळवले गेले. (तिच्या चिकाने हाताला खाज येते, तेव्हा हातमोजे घाला आणि लहान मुलांना दूर ठेवा.) आपल्या कुरबुरींचे असेच होते. आपल्या अंगणातून काढल्या म्हणतो आणि दळण आणायला जाताना दुसऱ्याच्या कुंपणावर टाकून येतो. तिथे त्या पुन्हा रुजतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर उद्या कोणी कोयता घेऊन सगळ्याच वेलींवर तुटून पडेल. वेल म्हणजे शत्रू नव्हे. आपल्या पूर्वजांनी पानवेली आणि मिरवेली आधारावर चढवूनच पिकवल्या. गुळवेल तर औषध म्हणून घराघरात शोधत येतात. येशूने स्वतःला खरी द्राक्षवेल म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात आठवण करून दिली आहे की संत फ्रान्सिस असिसीकर मठाच्या बागेचा एक भाग मुद्दाम तसाच ठेवायला सांगत, तिथे रानफुले उगवावीत म्हणून. तेव्हा आधी ओळखा, मग कापा. मैत्री, मोबाईल, राजकारण, गावकीचे पद, यांतले काय आधाराने वाढते आणि काय आधारालाच झाकून टाकते, हे ज्याने त्याने स्वतःच्या खोडाकडे पाहून ठरवावे.

बाबांनी भिरूड तारेने ओढून काढली, छिद्रे चिखलाने बुजवली, वाळलेली फांदी उतरवली. फांदी धाकट्याच्या अंगणात उतरवावी लागणार होती. त्यासाठी थोरल्याला कुंपणाशी जाऊन हाक मारावी लागली. कित्येक वर्षांनी मारलेली पहिली हाक. धाकट्याने दोर धरला. दोघांचे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. जमिनीचा निकाल अजून लागलेला नाही आणि एका दोराने तो लागेल असे मला वाटत नाही. पण वेल पुन्हा फुटली का हे पाहायला आता दोघेही येतात आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काही ना काही फुटलेले सापडतेच.

यंदा त्या आंब्याच्या दोन फांद्यांना मोहर आहे, बाकीच्यांना तांबडी पालवी. आंबा धरेल की नाही ते कोणी सांगावे? अंजिराच्या झाडाला पुढच्या वर्षी फळ आले की नाही, हे येशूनेही सांगितलेले नाही. गोष्ट माळ्याच्या विनंतीवर थांबते. मालकाने वर्ष दिले की नाही, हेसुद्धा कळत नाही. आपल्याला ते वर्ष मिळाले आहे एवढे खरे. पुनरुत्थानाच्या सणाला अजून चार आठवडे आहेत.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजल्यापासून देवळात पापनिवेदनासाठी फादर बसतील. इतर धर्मग्रामांतूनही काही फादर मदतीला येणार आहेत. ज्यांना माझ्याजवळ यायला संकोच वाटतो त्यांनी खुशाल त्यांच्या रांगेत उभे राहावे. रांग लांब असते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना पुढे जाऊ द्यावे.