पुस्तक कुणाच्या हातात द्यावं?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ९. सोबत अध्याय १८ मधले ६७ आणि ६८ हे दोन श्लोक.

दहाव्या अध्यायातल्या या श्लोकात भगवंत आपल्या भक्तांविषयी सांगतात. त्यांचं चित्त माझ्यात असतं, प्राण माझ्यात गुंतलेले असतात, ते एकमेकांना बोध करतात, माझ्याविषयी बोलत राहतात आणि त्यातच त्यांना समाधान मिळतं, आनंद मिळतो. यातला 'परस्पर' हा शब्द जरा थांबून बघा. इथे एक सांगणारा आणि बाकीचे ऐकणारे अशी वाटणी नाही. दोघंही देतात, दोघंही घेतात.

मला हा शब्द कळायला एक पुस्तक द्यावं लागलं, तेही चुकीच्या वेळी. ती गोष्ट आज सांगते.

माझ्याकडे आजीची सार्थ ज्ञानेश्वरी आहे. ब्राउन पेपरचं कव्हर, पानांत खुणेसाठी घातलेली कॅलेंडरची कात्रणं, नवव्या अध्यायात एक वाळलेलं तुळशीचं पान. ते पुस्तक मी कधी कुणाला दिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या माझ्या मैत्रिणीचे वडील अचानक गेले. आठव्या दिवशी मी तिच्या घरी गेले आणि ती ज्ञानेश्वरी तिच्या हातात ठेवली. म्हटलं, "दुसरा अध्याय वाच. आत्मा मरत नाही, हे कळलं की मन शांत होईल." दहा मिनिटं बसले आणि निघाले. रिक्षात बसल्यावर मला अगदी भरून आलं होतं. केवढी मोठी वस्तू दिली आपण!

तीन महिन्यांनी तिनं पुस्तक परत आणून दिलं. तुळशीचं पान होतं तिथंच होतं. ती म्हणाली, "राग मानू नकोस, पण मला त्या दिवशी पुस्तक नको होतं गं. तू थोडा वेळ बसायला हवी होतीस."

खरं सांगू? मला राग आला. वाटलं, हिला किंमत नाही. घरी येऊन मी अठराव्या अध्यायातला ६७ वा श्लोक काढला. तिथे भगवंत म्हणतात की ज्याला तप नाही, भक्ती नाही, ऐकायची इच्छा नाही, जो माझी निंदा करतो, त्याला हे सांगू नये. मनात म्हटलं, बरोबरच आहे, चूक माझीच, मी नको त्या व्यक्तीला दिलं!

पण श्लोक पुन्हा वाचल्यावर लाज वाटली. ऐकायची इच्छा नसेल तर सांगू नये, ही आज्ञा कुणाला आहे? सांगणाऱ्याला. समोरच्याची इच्छा आहे की नाही, हे बघणं माझं काम होतं. ते न करता मी तिचीच परीक्षा घेऊन तिला नापास करून टाकलं होतं.

आणि मग गीतेची सुरुवात आठवली. पहिल्या अध्यायात अर्जुन किती बोलतो! अंग थरथरतं, तोंड कोरडं पडतं, धनुष्य हातातून गळतं. या अख्ख्या अध्यायात श्रीकृष्णांच्या तोंडी फक्त एवढंच येतं, की हे जमलेले कौरव बघ. बाकी ते ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला दोन श्लोकांत त्याला टोकतात, पण खरा उपदेश सुरू होतो तो अकराव्या श्लोकापासून. त्याआधी सातव्या श्लोकात अर्जुन स्वतः म्हणतो, मी तुमचा शिष्य आहे, मला सांगा. आत्मा मरत नाही हे जगातलं सर्वांत मोठं सांत्वनसुद्धा भगवंतांनी मागितल्यावर दिलं. मी मात्र ते न विचारता देऊन रिक्षा पकडली!

मग ६८ वा श्लोक. जो हे गुह्य माझ्या भक्तांना सांगेल, तो मला येऊन मिळेल, असं भगवंत म्हणतात. म्हणजे लपवून ठेवा असंही नाही. दोन श्लोक शेजारी शेजारी आहेत. एक म्हणतो थांब, दुसरा म्हणतो दे. या दोघांच्या मधली जागा ओळखता येणं, हाच आजचा प्रश्न.

तुम्ही म्हणाल, कुणी मागेपर्यंत थांबायचं तर कुणापर्यंत काही पोहोचणारच नाही. आपल्यापैकी किती जणांनी पहिली पोथी मागून घेतली? मीही नाही. माझी आजी रोज दुपारी चार ओव्या मोठ्यानं वाचायची. आम्ही पोरं तिथंच पत्ते खेळत असायचो. तिनं कधी "इकडे या, ऐका" म्हटलं नाही. पण कुणी विचारलं, "आजी, याचा अर्थ काय?" तर चष्मा काढून सगळं सांगायची. मला वाटतं फरक इथे आहे. पुस्तक उघडं ठेवणं वेगळं आणि कुणाच्या छातीवर ठेवणं वेगळं. पहाटे पन्नास जणांना एकच पीडीएफ फॉरवर्ड करताना मी यातलं काय करत असते, हे प्रत्येकानं आपलं आपण तपासावं. मी तपासलं आणि फॉरवर्ड कमी केले.

पुढची गोष्ट गोड आहे. साधारण वर्षानं त्याच मैत्रिणीनं विचारलं, "ते पुस्तक अजून आहे का गं?" या वेळी मी नुसतं दिलं नाही. दर रविवारी सकाळी तिच्या घरी जायला लागले. चहा, एक पुस्तक आणि दोघी. ती वाचते, मी ऐकते. पुढच्या रविवारी उलट. मी जिथून झरझर पुढे जायचे, तिथेच ती थांबते. "म्हणजे नक्की काय?" असं विचारते आणि मला कळतं की ते मला कधी कळलंच नव्हतं. इतकी वर्षं एकटीनं वाचलेलं पुस्तक दोघींत वाचताना नवं निघालं.

याच श्लोकावर ज्ञानेश्वर माऊलींनी फार सुंदर दृष्टांत दिला आहे. शेजारशेजारची दोन सरोवरं उचंबळून एकमेकांत मिसळतात, आणि मग लाटांना राहायला लाटांचीच घरं होतात. कुठल्या तळ्याचं पाणी कुठलं, हे विचारायचं कारणच उरत नाही. आमचा रविवार असाच असतो.

मध्यंतरी तिनं आजीच्या पुस्तकात पेन्सिलीनं खुणा केल्या. आधी माझ्या पोटात गोळा आला. माझं पुस्तक! मग दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आठवला. त्यात समर्थ लेखन कसं करावं ते सांगतात. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडून मधे लिहावं, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही. म्हणजे हे पान अनेक हातांत जाणार, झिजणार, हे समर्थांनी धरूनच ठेवलंय. कडा झिजू द्याव्यात. अक्षर सांभाळावं.

आणि अक्षर सांभाळणं म्हणजे काय, ते नाथ महाराजांकडून शिकावं. हातोहात नकला होताना ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ती शुद्ध केली, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलं. मला त्यात आपल्यासाठीही एक सूचना दिसते. पुस्तक देताना त्यात आपला अहंकार मिसळू नये. "हे वाचून तुला असं वाटायला हवं" हीसुद्धा एक घुसडलेली ओवीच आहे.

मैत्रिणीनं खूण केलेली पहिली ओवी दुसऱ्या अध्यायातली नव्हती. मी जे वाच म्हणून सांगितलं होतं, ते तिला लागलंच नाही. तिला लागली ती बाराव्या अध्यायातली, भक्ताच्या मैत्रीविषयीची.

आजचा छोटा संकल्प : आपल्या आवडत्या पुस्तकाबद्दल आज एका माणसाशी बोलू या. पण आधी त्याला विचारू या, "तू कसा आहेस?" आणि उत्तर पूर्ण ऐकू या. पुस्तक पिशवीत असू दे. घाई नाही.

रामकृष्ण हरी!