नादाचे स्थान आणि जवारीची कला

तंतुवाद्याचा नाद वाद्याच्या नेमक्या कोणत्या भागात असतो, हा भारतीय तत्त्वचिंतनातला जुना प्रश्न आहे. पाली त्रिपिटकातील संयुत्तनिकायात याविषयी एका राजाचा दृष्टान्त आहे. कधीही वीणा न ऐकलेला हा राजा तिच्या सुरांनी मोहित होतो. वीणा समोर आणली जाते, पण त्याला ती नको असते. हवा असतो फक्त नाद. पोकळ अंग, चामडे, दांडी, तारा आणि वादकाचा प्रयत्न एकत्र आल्यावरच नाद उपजतो, असे सेवक सांगतात. राजा वीणा फोडतो, तिचे तुकडे जाळतो, राख वाऱ्यावर उधळतो. नाद सापडत नाही. देह, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांतही शोधून ‘मी’ सापडत नाही, हे या दृष्टान्ताचे तात्पर्य.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला वीणेचाच दाखला देतो, पण उलट दिशेने. वाजणाऱ्या वीणेचे बाहेर पसरलेले सूर सुटे पकडता येत नाहीत; वीणा किंवा वीणावादक हाती आला की तेही हाती येतात. तसेच आत्मा जाणला की सर्व जाणले जाते. एकाच वाद्यावरून एक परंपरा मुळाशी काही नाही असे सांगते, तर दुसरी मुळाकडे वळायला सांगते.

दोन्ही दृष्टान्तांत वादक आहे, वाद्य घडवणारा मात्र नाही. त्याच्या कामातून या प्रश्नावर वेगळा प्रकाश पडतो. मिरजेत तंतुवाद्ये घडवण्याची कला एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांकडे तिचा आरंभ मानला जातो, आणि पुढे ‘सतारमेकर’ हेच अनेक कुटुंबांचे आडनाव झाले. तंबोऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढा भागातले मोठे कडू भोपळे वाळवून घेतात. त्यावर लाकडी तबली बसते, तुणीच्या लाकडाची पोकळ दांडी जोडली जाते, खुंट्या आणि तारा लागतात. सर्व भाग जागेवर आले तरी तंबोरा अजून तंबोऱ्यासारखा बोलत नाही.

त्यासाठी जवारी काढावी लागते. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी मंद गोलवा असतो. कारागीर तो कानशीने घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये बारीक दोरा घालून मागेपुढे सरकवतो. एका जागी तो आला की स्वर एकाएकी भरून येतो आणि त्यातून वरचे स्वयंभू स्वर, म्हणजे उपस्वर, उमटू लागतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली या घटनेकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू असतो, ते उपस्वर नेहमीच्या नियमाप्रमाणे ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात. कंप पावणारी तार घोडीच्या गोलव्याला सतत स्पर्श करत राहते, हे त्याचे कारण.

जवारी काढताना कारागीर वाद्यात नवा नाद भरत नाही. तो घोडीचा कणभर अंश काढून टाकतो आणि तार व घोडी यांच्यातला संबंध जुळवतो. राजाला राखेत नाद मिळाला नाही, कारण त्याने वस्तू शोधली आणि शोधताना हा संबंधच मोडला. पण संबंध वस्तूसारखा हाती येत नाही, म्हणून तो नाहीच, असे ठरत नाही. गोलवा किंचित बिघडला तरी नाद मिटतो. म्हणजे हा संबंध भोपळ्याइतकाच खरा आहे. तो टिकाऊ मात्र नाही. तारेच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. खुली हवी की बंद, हे गाणाऱ्याच्या आवाजावरून आणि पसंतीवरून ठरते, आणि ती साधली की नाही याचा निवाडा कानच करतो.

या अनुभवाने आत्म्याच्या वादाचा निकाल लागत नाही. घटकांपलीकडे नादाला वेगळे घर नाही, हे बौद्ध म्हणणे त्यातून दृढ होते. सुटे सूर पकडून काही हाती लागत नाही, हा उपनिषदाचा इशाराही खरा ठरतो. कारागिरीची त्यातली भर अशी की नाद कुठे साठवलेला नसतो. तो नीट जुळलेल्या संबंधात उपजतो आणि तो संबंध जपावा लागतो. म्हणून नादाच्या कारणांत लाकूड, तार आणि वादक यांच्या बरोबरीने घडवणाऱ्याचे लक्षपूर्वक ऐकणेही धरले पाहिजे.