वेशीवरचा दगड

डर्बीशरमधल्या ईम गावात फिरायला जाणारे ठरलेल्या जागा बघतात: चर्च, प्लेगची घरं, मॉम्पेसनची विहीर, वेशीवरचा भोकाभोकांचा दगड. १६६५मध्ये लंडनहून आलेल्या कापडातून इथे प्लेग शिरला असं सांगतात. पुढच्या जूनमध्ये गावाने स्वतःला कोंडून घेतलं. दगडाच्या भोकांत व्हिनेगर, त्यात नाणी. बाहेरचे लोक सामान ठेवून पैसे न्यायचे. सुमारे २६० माणसं गेली.

याला सगळे त्याग म्हणतात. मला प्रश्न पडतो, कुणाचा?

गावाला राजी केलं विल्यम मॉम्पेसन आणि थॉमस स्टॅन्ली या दोन धर्मगुरूंनी. मॉम्पेसनने स्वतःची मुलं त्याआधीच बाहेर पाठवली होती. त्याला ढोंगी म्हणायला माझी जीभ वळत नाही, कारण तो स्वतः राहिला. त्याची बायको कॅथरिनही राहिली, आणि गेली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे.

मी अडखळते ती गावाबाहेर, रायलीच्या कबरींपाशी. ऑगस्ट १६६६मध्ये एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. एकटीने. समजा, तिने मनापासून होकार दिला होता. पण सहा मुलांच्या वतीनेही? शेजारची गावं वाचली असतील, तरी तो हिशेब त्या मुलांना कुणी विचारून मांडला नव्हता.

नंतर ती गाव सोडून दूरच्या, हयात असलेल्या मुलाकडे गेली म्हणतात. त्याबद्दल तिला कुणी नावं ठेवणार नाही. मग मुलांना घेऊन ती आठ दिवस आधीच निघाली असती तर?