सातांची रांग

जपानच्या शिकोकु बेटावर, विशेषतः कोची भागात, सात मृतांची एक रांग फिरते, असं लोक सांगत आले आहेत. तिला म्हणतात शिचिनिन मिसाकी. नदीकाठी नाहीतर समुद्रकिनारी ती दिसते. जो तिच्या वाटेत येतो त्याला ताप भरतो आणि त्या तापातच तो जातो. मग सातांपैकी एक सुटतो आणि नुकताच गेलेला त्याच्या जागी येतो. सातांचे कधी सहा होत नाहीत, आठही होत नाहीत.

एरवी भुताला काहीतरी हवं असतं. सूड, नैवेद्य, पुरलेलं धन. या सातांना हवी आहे फक्त सुटका, आणि ती दुसऱ्याच्या जिवावरच मिळते. ज्याला धरलं त्याच्याशी त्यांचं वैर नसतं. जाळं आवरून घरी निघालेला एखादा कोळी असेल तो. उद्यापासून तोही अनोळखी वाटसरूची वाट पाहत चालणार. पहिल्या वर्षी रॅगिंग सोसलेली मुलं दुसऱ्या वर्षी नव्या मुलांची वाट पाहतात, तशी.

कोचीतल्या एका कथेत या सातांना धनीही आहे. तोसा प्रांताचा सत्ताधीश चोसोकाबे मोतोचिका याचा थोरला मुलगा लढाईत पडला, तेव्हा मोतोचिकाने मधल्या मुलांना डावलून चौथ्याला वारस ठरवलं. किरा चिकाझाने हा त्याचा पुतण्या, जावईही. त्याने विरोध केला. १५८८ साली त्याला स्वतःचं पोट चिरून मरण्याचा हुकूम झाला आणि त्याच्यापाठोपाठ त्याचे सात सेवकही गेले. पुढे त्याच्या थडग्यापाशी विपरीत घडू लागल्याची बोलवा उठली. शांतीचे विधी करूनही ती थांबेना, तेव्हा चिकाझानेला देव मानून पुजू लागले. कोचीच्या निशिबुनमधलं किरा देवस्थान ते हेच. दरबारात ज्याचं कोणी ऐकलं नाही, त्याची बाजू लोकांनी भुतांच्या तोंडून जागती ठेवली, असं मला वाटतं.

जपानच्याच यामागुची भागात ही रांग भिक्षूंची होते. घंटा वाजवत झपाझप येते, बायकामुलांना पळवते. रात्री बाहेर पडणं भागच असेल तर हाताचा अंगठा मुठीत लपवून चालायचं. ना ताईत, ना मंत्र, आपलाच अंगठा आपल्याच बोटांआड!

मला मात्र राहून राहून वाटतं, त्या सातांत एखादा तरी असा निघावा, ज्याने समोरून येणारा माणूस पाहिला आणि वाट सोडली. पण रांगेत एकाने वाट सोडली, तर सुटका त्याच्या एकट्याची लांबत नाही, मागच्या सगळ्यांचीच लांबते. आणि ते त्याला तसं करू देतील का? त्या वाटसरूला घरी जाऊ द्यायचं, तर सातही जणांचं एकदम ठरायला हवं.